बंद लाईनचं मीटर

१

"वहिनी, राजानंद गप झाला."

फोनवर एवढंच बोलून पुंजाराम थांबला. चांगुणाबाईंनी कप बशीत ठेवला. राजानंद म्हणजे त्यांचे मालक. त्यांना जाऊन येत्या रविवारी तीन वर्षं होणार होती. गेलेला माणूस आता आणखी गप कसा होतो?

"नीट सांगा, भाऊ."

"गाणी लागंना गेलीत. आज पंधरावा दिवस. चार वाजले की बटन दाबतो अन् नुसताच पडून राहतो. आमचा बद्री म्हणतो, जाफराबादला काकूच्या घरचं सर्व्हर बंद पडलं. मी म्हणलं, वहिनीला विचार. तर म्हणे, विचारलं. तुमाला विचारलं का त्यानं?"

"न्हाई."



राजानंदांचं गायन मंडळ होतं. जाफराबाद, भोकरदन, पार देऊळगावराजापर्यंत त्यांची भीमगीतं गाजली. कुठल्या कार्यक्रमात कोण कॅसेट भरून घेई, कोण मंडळाला देई. अशा एकशे अठरा कॅसेटी घरात साठल्या. जालन्याला शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या पुतण्यानं, धम्मपालनं, एका उन्हाळ्याच्या सुटीत त्या सगळ्या उतरवल्या आणि टीव्हीखालच्या एका काळ्या डबीत भरल्या. घरात टीव्हीवर लागत, आणि ज्यांची नावं त्यानं डबीत घातली त्यांना आपापल्या गावी बसून ऐकता येत. पुण्याला प्रियाला, चांगुणाबाईंच्या प्राध्यापक लेकीला. आणि हसनाबादला पुंजारामला. काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले होते. धम्मपालनं त्याच्या टॅबवर एकच मोठं बटन ठेवून दिलं होतं, चाचपून दाबता येईल असं.

चांगुणाबाई स्वतः मात्र ऐकत नसत. तीन वर्षांत त्यांनी एकही गाणं लावलं नव्हतं. डबीवरचा हिरवा दिवा पुसून ठेवायच्या, बस्स.

"वहिनी," पुंजाराम म्हणाला, "शुक्रवारी पोरीचं, राजानंदच्या गाण्यांचं पुस्तक छापायला जाणार ना? ती म्हणल्ती, काका, तुमची गाणी कोणती ते सांगा, तुमचं नाव टाकते. आता माझ्या डोक्यातून निसटून राह्यलीत हो. ऐकली की आठवतं. मोजायला बसलो अन् हे बंद."

हे पुंजारामच्या जिवाचं होतं. राजानंद गात, पण त्यातली वीस-बावीस गाणी पुंजारामनं बांधलेली. हसनाबादच्या शेतकऱ्याच्या घरचा पोरगा, आणि भीमगीतं रचतो. नामांतराच्या दंगलीनंतरच्या त्या दिवसांत हे बाहेर फुटलं असतं तर त्याच्याच भावकीनं त्याला वाळीत टाकलं असतं. तो मफलरीनं तोंड झाकून, हातात कंदील घेऊन, शेताशेतांतून तालमीला येई. मंडळातली माणसं त्याचं नावसुद्धा घेत नसत. कंदीलवाले आले, म्हणत. पुढं दिवस निवळले तेव्हा राजानंद स्टेजवर त्याचं नाव घेऊ लागले. मंडळाची रीतच होती: पोस्टरवर गाणाऱ्याचं नाव आणि गाण्याआधी तोंडानं रचणाऱ्याचं. कागदावर मात्र पुंजाराम आजवर कधीच आला नव्हता.

आज सोमवार. शुक्रवारला चार दिवस.

"भाऊ, लाईन कुठं तुटली ते मी बघते," चांगुणाबाई म्हणाल्या. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

२

लाईन गेली की तीन ठिकाणं तपासायची, हे त्यांना त्यांच्या पहिल्या सुपरवायझर बाईंनी शिकवलं होतं. बोलावणाऱ्याचं टोक, ज्याला बोलावलं त्याचं टोक, आणि मधला रस्ता. आपलं टोक आधी.

त्यांनी टीव्ही लावला. डबी उघडली. कॅसेटींची यादी आली. म्हणजे डबी जिवंत. मग मधला रस्ता.

मधला रस्ता मिथुनच्या हातात. गावात नेटची वायर तोच फिरवतो. बसस्टँडजवळच्या त्याच्या गाळ्यात वायरींची भेंडोळी आणि मसाला पापडीचे रिकामे पुडे सारख्याच संख्येनं पडलेले असतात.

"या फोनवाल्या आजी, बसा. काय स्लो चालून राह्यलं का?"

"हळू चाललं तर मी तक्रार करत न्हाई, मिथुन. तुझ्याकडून मला तेवढीच अपेक्षा आहे. मला सांग, पंधरा दिवसांत तू काय बदललं?"

मिथुन हसला, मग जरा चपापला. "मागच्या महिन्यात नवीन सिस्टीम टाकली. आता अख्ख्या गल्लीला बाहेरून एकच नंबर. आधी तुमच्या घराला तुमचा नंबर होता. आता बाहेरचा माणूस नंबरावर आला तरी आतमध्ये कुणाच्या घरी जायचं ते त्याला कसं कळणार? तुमचं बाहेरून उघडत नसंल तर त्याच्यामुळंच. प्रियाताईंना पण मी हेच सांगितलं."

"प्रियाचा फोन आल्ता?"

"तीन आठवडे झाले असतील. विचारत होत्या, सिस्टीम बदलली की बाहेरून बंद पडतं का. मी म्हणलं, पडू शकतं."

चांगुणाबाईंना त्याचं बोलणं बरोबर कळलं. मोठ्या कचेरीत बाहेरून एकच नंबर असे आणि आत पन्नास एक्स्टेंशनं. मधे बोर्डावर बसलेल्या बाईनं दोरी लावली तरच बोलणं व्हायचं. बोर्डावर बाई नसली की बाहेरचा माणूस घंटी ऐकत बसे. पण मिथुन 'पडू शकतं' म्हणाला होता. पडलं, असं म्हणाला नव्हता.

"घरात माझ्या मोबाईलवर गाणी उघडतात," त्या म्हणाल्या.

"घरातलं काय खरं, आजी. वायफायवर तुम्ही आतल्या आतच फिरता. बाहेरून बघा."

मग त्या तिथंच, गाळ्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पर्समधून मोबाईल काढला, वायफाय बंद केलं, मोबाईलचं नेट चालू केलं. समोर भोकरदनची गाडी लागली होती आणि कंडक्टर एका बाईच्या कापसाच्या गाठोड्यावरून भांडत होता. चांगुणाबाईंनी बोटानं चिन्ह दाबलं.

चाक फिरलं. थांबलं. आणि एकशे अठरा कॅसेटींची यादी त्यांच्या तळहातावर उघडली.

"आयला," मिथुन म्हणाला. "मंग माझ्या सिस्टीममुळं काहीच बंद न्हाई!"

लाईन शाबूत होती. कुणीतरी फक्त एकाच माणसाची दोरी उपटली होती.

३

"धम्मपाल, डबीत नावं कुणाकुणाची आहेत ते मला बघून सांग."

जालन्याहून पुतण्यानं फोनवर बोलता बोलताच बघितलं. "मोठीआई, चार होती. तुझं, माझं, प्रियाचं, पुंजारामकाकांचं. आता तीनच दिसून राह्यलीत. काकांचं नाव गेलं."

"गेलं की काढलं?"

"आपोआप जात न्हाई. मालकीचा पासवर्ड टाकून काढावं लागतं. तो असला की काहीही बदलता येतं, कुणाच्याही नावानं आत शिरता येतं."

"अन् तो कुणाला माहीत आहे?"

"मला. अन् प्रियाला."

"हे दुसऱ्या कुणाला सांगू नको. पुंजारामलासुद्धा."

"मी कशाला सांगू? पण मोठीआई, तू माझ्यावर संशय घेऊन राह्यलीस का? घे. मी रागावलोच आहे. एकशे अठरा कॅसेटी मी उतरवल्या. बुरशी पुसून पुसून बोटं सोलली माझी. अन् पुस्तकात माझं नाव कुठं? तर एक ओळ, 'तांत्रिक साहाय्य'! हे पुस्तक न निघालेलंच बरं, हे मी प्रियाला तोंडावर सांगितलंय."

रागीट माणूस होता धम्मपाल, लहानपणापासून. सात-आठ वर्षांचा असताना मंडळात झांज वाजवायला बसे आणि ठेका चुकला की स्वतःच्याच मांडीवर चापट मारून घेई. चांगुणाबाईंनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण अंगाखांद्यावर त्यांनी प्रियालाही खेळवलं होतं.

त्यांनी प्रियाला फोन लावला.

"अगं आई, मलाही उघडत नाहीये," प्रिया म्हणाली. "दोन आठवडे झाले. तिथलं नेट बदललंय ना, त्याचाच घोळ. मी या पुस्तकाच्या गडबडीत आहे. रविवारी प्रकाशन झालं की येते आणि बघते. काकांना सांग, थोडं थांबा."

फोन ठेवून चांगुणाबाई टीव्हीसमोर बसल्या. यादीच्या वरच्या अंगाला 'अलीकडे ऐकलेलं' असं लिहिलेलं एक पान होतं. त्यांनी ते कधी उघडून बघितलं नव्हतं. आता उघडलं.

कॅसेट सदतीस. कॅसेट एकेचाळीस. कॅसेट साठ. एकाखाली एक अशा एकवीस कॅसेटी, कुठली दोनदा, कुठली पाचदा वाजवलेली. सुरुवात तीन आठवड्यांपूर्वीची. शेवटची चार दिवसांपूर्वी, गुरुवारी सकाळी, त्या विहारात वंदनेला बसल्या होत्या त्या वेळची. आणि प्रत्येक ओळीपुढं ऐकणाऱ्याचं नाव होतं.

'आई'.

जालन्याच्या एक्स्चेंजमध्ये भिंतभर कॉल मोजणारी मीटरं होती. प्रत्येक फोनाला एक. एकदा एका वकिलाचा फोन सहा महिने बंद होता आणि त्याचं मीटर मात्र रोज पुढं सरकत होतं. सगळे म्हणाले, मीटर बिघडलं. चांगुणाबाई म्हणाल्या, बंद फोनाचं मीटर फिरतं म्हणजे त्याच्या तारांच्या जोडीवर कुणीतरी बसलेलं आहे. आणि तसंच निघालं होतं.

तीन वर्षांत ज्या बाईनं एकदाही गाणं लावलं नाही, तिच्या नावावर बसून कुणीतरी गाणी ऐकत होतं. आणि उरलेल्या सत्त्याण्णव कॅसेटींना त्यानं हातही लावला नव्हता.

४

एकवीसच का, हे कळायला ऐकणं भाग होतं.

मंगळवारी सकाळी अंघोळ करून, केस विंचरून त्या बसल्या, जणू कुणी भेटायला येणार होतं. रिमोट हातात घेतला, खाली ठेवला. पुन्हा घेतला. शेवटी सदतीस नंबर लावला.

आधी लोकांचा गलका. कुणाचं तरी पोर रडत होतं. माईकनं दोनदा शिट्टी मारली. आणि मग राजानंदांचा खर्जातला आवाज खोलीत शिरला. चांगुणाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

अंगठा नको गं शाईत आता, सही करीन मी...

गाणं पुढं गेलं. त्या रडत होत्या आणि रडता रडताच त्यांना काहीतरी खुपलं. त्यांनी गाणं थांबवलं. मागं नेलं. पुन्हा ऐकलं.

हा कार्यक्रम त्यांना लख्ख आठवत होता. टेंभुर्णीला झाला होता. त्या पुढच्या रांगेत सतरंजीवर बसल्या होत्या, मांडीवर डोकं ठेवून प्रिया झोपली होती. गाण्याआधी राजानंद म्हणाले होते, "ही रचना आमच्या हसनाबादच्या पुंजारामची. टाळ्या मला देऊ नका, त्याला द्या." मग पुंजारामचा कोरडा खोकला, त्याच्या ढोलकीवर दोन थापा, आणि मग गाणं.

आता गलक्यानंतर सरळ 'अंगठा नको गं' येत होतं. बोलणं नाही, खोकला नाही, थापा नाहीत. एखाद्यानं साडीचा काठ उसवून पुन्हा टाके घालावेत, तसं.

त्यांनी एकेचाळीस लावली. तेच. साठ. तेच. दिवस कलेपर्यंत सगळ्या एकवीस कॅसेटी झाल्या. एकवीस कॅसेटींत एकवीस गाणी, आणि सगळीकडे पुंजारामचं नाव जिथं होतं तिथूनच कात्री फिरली होती.

आता त्यांना कळलं, आंधळ्या म्हाताऱ्याची लाईन कुणाला का कापावीशी वाटली. त्या टेपांवरचा खोकला न् खोकला माहीत असलेली दोनच माणसं जगात उरली होती. एक ऐकत नव्हती. दुसरा रोज चार वाजता ऐकत होता.

धम्मपालला त्यांनी फोनवर एकच विचारलं, "मूळ कॅसेटी कुठंयत?"

"प्रियाकडं. दिवाळीत घेऊन गेल्ती, पुस्तकासाठी म्हणून. माझ्याजवळ एक कॉपी होती, तीपण तिनंच मागून नेली. पण हे तिचं म्हणणं हां. तू तिला विचार."

म्हणजे इकडं एक जण दुसऱ्याकडं बोट दाखवत होता, आणि पासवर्ड दोघांकडंही होता.

५

बुधवारी त्या जीपनं भोकरदनला आणि तिथून हसनाबादला गेल्या. पुंजारामच्या दारात तीन मोटारसायकली उभ्या होत्या. ओसरीवर बद्रीनाथ, त्याचा मुलगा, पांढरा कडक शर्ट घालून चार-पाच माणसांना चहा देत होता. जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी त्यानं नाव पुढं केलं आहे, हे जीपमध्येच कानावर आलं होतं.

"राम राम, काकू! एवढ्या उन्हाचं कशाला आल्या?"

"तुझ्या बापाचं बटन बघायला."

बद्रीनाथनं माणसांना हातानं थांबवलं आणि तो त्यांना बाजूला घेऊन आला. "लई डोकं खाऊन राह्यले ते. चार वाजले की राजानंद, राजानंद. घरात येणारी जाणारी माणसं असतात, काकू. तुमाला समजतं."

"समजतं की. मिथुन म्हणतो लाईनचाच घोळ आहे. सिस्टीम बदलली."

"तेच तर मी सांगून राह्यलो! अन् यादीतून नावच काढल्यावर इथं बसून आपण काय दुरुस्त करणार? जाऊ द्या. मी त्यांना नवीन रेडिओ आणून देतो."

चांगुणाबाईंनी हातातल्या पेल्यातलं पाणी सावकाश पिऊन टाकलं. त्यांनी फक्त लाईन म्हटलं होतं. यादीतून नाव काढलं, हे जगात तिघांनाच माहीत असायला हवं होतं: त्यांना, धम्मपालला, आणि ज्यानं काढलं त्याला.

आत खाटेवर पुंजाराम उठून बसला होता. त्यानं आवाजाच्या दिशेनं हात जोडले. "जय भीम, वहिनी." बाहेरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं हे म्हटलं, आणि ओसरीवरचा चहा एकदम शांत झाला.

"जय भीम, भाऊ. बद्री अन् प्रियाचं बोलणं होतं का कधी?"

"पोरीचा फोन आल्ता महिन्यापूर्वी, मला. मंग बद्रीनं फोन घेतला अन् बाहेर गेला. लई वेळ बोलला. का हो?"

"सहजच. धम्मपालचा?"

"धम्मपालशी बद्रीचं जमतच न्हाई. ह्याच्या पोराला त्यानं नापास केलंय म्हणून हा त्याच्या नावानं बोटं मोडतो. वहिनी, लागंल का हो राजानंद?"

"उद्या चार वाजता लागंल," त्या म्हणाल्या. बोलून तर गेल्या, पण परतताना जीपमध्ये त्यांना नीट बसवेना. बोट आता एका बाजूला वळायला लागलं होतं, आणि ती बाजू त्यांना नको होती. एक फोन म्हणजे पुरावा नव्हे. धम्मपालनं रागाच्या भरात केलं असेल आणि बद्रीला कुठून तरी कळलं असेल, असं म्हणायला अजून जागा होती.

ते असावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आई होती ती.

६

घरी आल्यावर त्यांनी चप्पलही न काढता टीव्ही लावला. एकवीस कापलेल्या टेपा ऐकून झाल्या होत्या. न कापलेल्यांतल्या पहिल्या वीस, कंदिलाच्या दिवसांतल्या, ऐकायच्या राहिल्या होत्या.

चौथ्या नंबरच्या कॅसेटीवर त्या थांबल्या.

"ही रचना," राजानंद हसत सांगत होते, "आमच्या कंदीलवाल्याची. कोण ते विचारू नका. उजेड दिसतोय ना, मग झालं." लोक हसले. पडद्यामागून खोकला आला. दोन थापा. आणि 'अंगठा नको गं' सुरू झालं. तेच गाणं, आठ वर्षं आधीचं.

नवव्यात कंदीलवाला होता. बाराव्यात होता. पंधराव्यात दोनदा. कुणी काही कापलं नव्हतं.

चांगुणाबाईंनी बोटांवर मोजलं. पहिल्या वीसांत कंदीलवाल्याची तेरा गाणी निघाली.

कापणाऱ्यानं पुंजाराम हे नाव शोधून शोधून काढलं होतं. कंदीलवाल्याला हात लावला नव्हता, कारण कंदीलवाला कोण हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि धम्मपाल तर तेव्हा झांज वाजवायचा. पुंजाराम आला की कंदील त्याच्या हातातून घेऊन कोनाड्यात ठेवायचं काम त्याचंच. धम्मपालनं कात्री धरली असती तर पहिला घाव चौथ्या कॅसेटीवर पडला असता. प्रियाचा जन्म त्या चौथ्या कॅसेटीच्याच सालचा. मंडळातल्या माणसांचं बोलणं कळण्याइतकी ती झाली तेव्हा कंदील विझून गेला होता. आणि ही गोष्ट तिला कधी कुणी सांगितली नव्हती. आईनंसुद्धा नाही.

त्यांनी फोन लावला.

"प्रिया, तुझं उघडत न्हाई म्हणालीस."

"हो ना, आई. सांगितलं मी."

"तुझ्या नावानं उघडत न्हाई. माझ्या नावानं उघडतं. गुरुवारी मी विहारात होते तेव्हा साठ नंबर ऐकत होतीस ना?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"टेंभुर्णीला तू माझ्या मांडीवर झोपली होतीस, प्रिया. टाळ्या पुंजारामला द्या, म्हणाले होते ते. कुठंय ते वाक्य?"

"आई, ऐक." तिचा आवाज बारीक झाला. "ती गाणी बाबांची म्हणूनच लोकांना माहीत आहेत. उद्या अभ्यासक म्हणतील, सगळ्यात चांगली एकवीस गाणी तर दुसऱ्याचीच. मग बाबांचं काय उरलं? नुसता गळा? आणि काकांचं नाव टाकायला मी तयार होते गं. बद्रीनाथदादांनीच हातापाया पडून सांगितलं, नका टाकू, माझं तिकीट जाईल. त्यांच्या घरच्यांनाच नको आहे, तर मी कुणासाठी भांडू?"

"बद्रीला नको. गाणी बद्रीनं रचली का?"

"आई..."

"पुस्तकात नाव गाळलं असतंस तर मी म्हटलं असतं, पोरगी चुकली. टेप का कापलीस?"

"पुढं कुणी ऐकली असती तर प्रश्न आले असते. मूळ कॅसेटी आहेत माझ्याकडे, मी फेकल्या नाहीत."

"अन् ऐकणार कोण होतं? एक आंधळा म्हातारा. म्हणून त्याचं नाव काढलंस. आई तर ऐकतच न्हाई, हे तुला माहीत होतं. माझं रडणं तू हिशोबात धरलंस, प्रिया. पुंजारामचं नाव होतं त्यात, पण आवाज तुझ्या बापाचा होता. बापाचा आवाज कापलास तू, बापाचं नाव मोठं करायला."

प्रिया रडू लागली होती. पण रडतानाही म्हणालीच, "पुस्तक तयार झालंय, आई. आता काही बदलता येणार नाही. आणि तुझ्याजवळ पुरावा काय आहे? तुझी आठवणच ना?"

चांगुणाबाईंनी हे ऐकून घेतलं. कंदीलवाल्याविषयी त्यांनी लेकीला एक अक्षर सांगितलं नाही. स्वतःच्या पोरीपासून काही लपवून ठेवायची ही त्यांची पहिली वेळ होती.

७

गुरुवारी दुपारी धम्मपाल जालन्याहून मोटारसायकलवर थेट हसनाबादला आला. पुंजारामचं नाव त्यानं पुन्हा डबीत घातलं, आणि टॅब म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. बद्रीनाथ दारात उभा होता. आज ओसरीवर कुणी नव्हतं.

चांगुणाबाईंनी खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं. कात्रीचं, यादीचं, फोनाचं. दोन्ही पोरांची नावं घेतली, आपल्या पोरीचं आधी.

पुंजारामनं दाराकडं तोंड केलं.

"बद्री, तू मला सांगितलं असतंस की बाबा, नाव नको, तर मी पोरीला न्हाई म्हणलं असतं. चाळीस वर्षं न्हाईच म्हणत आलो ना? तू सर्व्हर बंद पडलं म्हणलास. रोज म्हणलास. मी बटन दाबायचो अन् तू शेजारी बसून बघायचास."

"बाबा, लोक काय..."

"मी लोकांचं विचारत न्हाई. तुझं विचारतोय."

धम्मपालनं चौथी कॅसेट लावली. हसत हसत राजानंद बोलले, कंदीलवाल्याचा उजेड झाला, लोक हसले. पुंजारामच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. गाणं संपेपर्यंत तो मांडीवर दोन बोटांनी ठेका धरून होता. मग म्हणाला, "पुस्तकवाल्याला फोन लावा. बोलणार मी."

प्रकाशकाचा नंबर धम्मपालकडं होता. त्यानं फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला.

"साहेब, मी पुंजाराम बोलतो, हसनाबादहून. तुमच्या पुस्तकातली एकवीस गाणी माझी हायेत. तेरा टेपवर कंदीलवाल्याची म्हणून सांगितलीत. कंदीलवाला मी. बाकीची आठ मी तोंडपाठ म्हणून दाखवतो, कुठं अडलो तर इथं आमच्या वहिनी हायेत... हो. जिवंत हाय म्हणून तर बोलून राह्यलो... हो, टेप पाठवतो. तवर छापू नका."

पलीकडचा माणूस बरंच काही विचारत होता. शेवटी छपाई थांबवतो म्हणाला. पुंजारामनं फोन परत दिला.

बाहेर पडवीत धम्मपाल लॅपटॉप घेऊन बसला. "मोठीआई, पासवर्ड बदलला. काकांना देतो. तुला देतो. प्रियाला?"

चांगुणाबाई पायरीवर बसल्या होत्या. सकाळपासून प्रियाचे सहा फोन येऊन गेले होते.

"न्हाई."

"नावच काढून टाकू?"

"नाव राहू दे. पोटची पोर आहे. पण लांबून उघडायचं बंद कर." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "तिला सांग, मूळ कॅसेटी घेऊन जाफराबादला ये. टीव्हीसमोर माझ्या शेजारी बस, अन् एकेक ऐक. सगळ्या एकशे अठरा. पुण्यात बसून आता काही लागणार न्हाई."

धम्मपालनं प्रियाच्या नावापुढची खूण काढून टाकली. आत पुंजारामनं चाचपून बटन दाबलं, आणि दुसरं गाणं सुरू झालं.